पाठीचा एमआरआय घाईने, मेंदूचा उपचार उशिरा

कंबर दुखायला लागून आठवडा होत नाही तोच एमआरआय काढून घेणारी माणसं आणि पक्षाघाताचा झटका आल्यावर मेंदूतली गुठळी काढणारं केंद्र वेळेत न गाठू शकणारी माणसं एकाच वैद्यकीय व्यवस्थेत असतात. पहिल्याला त्या चित्राचा बहुतेक वेळा काहीच उपयोग नसतो. दुसऱ्याचं पुढचं सगळं आयुष्य त्या चित्रावर आणि त्यानंतरच्या काही मिनिटांवर टांगलेलं असतं. मेंदू आणि मणक्याच्या इमेजिंगवर गेल्या दहा-पंधरा वर्षांत झालेलं संशोधन वाचताना ही विसंगती मला सारखी टोचत राहते. स्कॅनचा फायदा कोणाला होतो आणि कोणाला होत नाही हे आता बऱ्यापैकी कळलं आहे. तरीही यंत्रं, पैसा आणि तज्ज्ञांचा वेळ भलतीकडेच खर्ची पडतो आहे. माझं म्हणणं असं की स्कॅनमुळे उपचार बदलतो का, आणि बदललेल्या उपचाराने माणूस बरा होतो का, एवढ्यावरच त्याचं मोल ठरवावं. सरकारं, विमा योजना आणि रुग्णालयं यांनी खर्चही त्याच मापाने करावा.

पाठीपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथे आहे. १९९४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे कमरेचे एमआरआय काढले होते. त्यांत पाठ दुखणाऱ्या काही रुग्णांचे स्कॅन मिसळून दिले, म्हणजे वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टना कोण दुखणाईत आणि कोण धडधाकट हे कळू नये. या धडधाकट ९८ जणांपैकी ५२ टक्क्यांची निदान एक तरी चकती, म्हणजे दोन मणक्यांमधली गादी, फुगलेली निघाली. सगळ्या चकत्या ठीक असलेले फक्त ३६ टक्के. पुढे २०१५ मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांतल्या, पाठ न दुखणाऱ्या ३११० जणांचा एकत्र हिशोब मांडला गेला. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्यांत झीज दिसली, ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या. फुगवटा विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४ टक्के. वय वाढलं की केस पिकतात तशा चकत्याही सुकतात, आणि पिकलेल्या केसांना कोणी आजार म्हणत नाही.

रिपोर्टमध्ये मात्र या प्रत्येक गोष्टीची वेगळी ओळ येते. डिफ्यूज बल्ज (पसरट फुगवटा), डेसिकेशन (चकती सुकणं), नर्व्ह रूटला (मज्जातंतूच्या मुळाला) स्पर्श. रुग्ण घरी येतो तो ‘गादी सरकली आहे, नस दबली आहे, मणक्यात गॅप आहे’ असं सांगत. मग वाकणं बंद, चालणं कमी, कमरेला पट्टा आणि शस्त्रक्रिया करावी लागेल का हा घोर. ज्या दुखण्याला हिंडतं-फिरतं राहणं हाच सर्वात चांगला उपाय, त्या दुखण्याचा माणूस अंथरुणाला खिळतो. भारतातल्या एका मणका-उपचार केंद्राने याची चाचणीच घेतली. काही रुग्णांना एमआरआयचा रिपोर्ट जसाच्या तसा समजावून सांगितला, तर बाकीच्यांना सांगितलं की वयाच्या मानाने पाठ ठीक आहे, दिसतं ते किरकोळ आहे. सहा आठवड्यांनी पाहिलं तर रिपोर्ट ऐकलेल्यांच्या मनात पाठीबद्दल जास्त भीती होती आणि त्यांचं दुखणंही कमी उतरलं होतं. नुसत्या माहितीने माणूस जास्त दुखणाईत होऊ शकतो, हे मला या सगळ्या संशोधनातलं सगळ्यात गंभीर वाटतं.

आणि ही माहिती तरी किती पक्की? पाठदुखी आणि पायात उतरणारी कळ असलेल्या ६३ वर्षांच्या एका बाईंचा तीन आठवड्यांच्या आत दहा वेगवेगळ्या केंद्रांवर एमआरआय काढण्यात आला. बाई त्याच, कंबर तीच. २०१७ मध्ये छापून आलेल्या निष्कर्षांनुसार दहा रिपोर्टांत मिळून ४९ वेगवेगळे दोष नोंदवले गेले. त्यांतला एकही दहाच्या दहा रिपोर्टांत नव्हता. जवळजवळ एक तृतीयांश दोष असे की ते फक्त एकाच रिपोर्टात आले. या बाईंनी दहापैकी कुठलाही एक रिपोर्ट घेऊन सर्जन गाठला असता, तर कुठल्या मणक्यावर सुरी चालायची हे त्या केंद्राच्या निवडीवर ठरलं असतं.

यावर नेहमीचं उत्तर असतं, ‘काढून ठेवलेला बरा, निदान काही मोठं नाही हे तरी कळेल.’ भावना समजते. पण पासष्टीच्या पुढच्या ५२३९ पाठदुखीच्या रुग्णांचा एक अभ्यास २०१५ मध्ये आला. त्यात पहिल्या सहा आठवड्यांत स्कॅन काढलेले आणि न काढलेले, अशा सारख्याच परिस्थितीतल्या रुग्णांची तुलना केली होती. वर्षाच्या शेवटी दोघांच्या दुखण्यात आणि हालचालीत सांगण्यासारखा फरक नव्हता. शिवाय चकतीचा बाहेर आलेला तुकडा पुष्कळदा आपोआप आक्रसतो. तुकडा जितका मोठा आणि सुटा, तितकी ही शक्यता जास्त, कारण चकतीच्या बाहेर पडल्यावर शरीराच्या संरक्षक पेशी त्याला गाठतात आणि हळूहळू खाऊन टाकतात. स्कॅनवर सगळ्यात भयानक दिसणारं चित्र पुष्कळदा सगळ्यात चांगलं निवळतं, हे रुग्णाला कोणी सांगत नाही.

इथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. लघवीवरचा ताबा सुटणं, बैठकीच्या जागेची संवेदना जाणं, पायातली ताकद भराभर कमी होणं, आधी कर्करोग झालेला असणं, पाठदुखीबरोबर ताप, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, यांपैकी काहीही असेल तर स्कॅन हवाच, आणि तोही ताबडतोब. त्या वेळी मिळणाऱ्या उत्तरावर पुढचा निर्णय अवलंबून असतो. डॉक्टरांसाठी उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेची २०१६ पासूनची सूचनाही याच धर्तीची आहे. साध्या कंबरदुखीसाठी प्राथमिक पातळीवर सरसकट इमेजिंग नको, आणि विशेषज्ञांनीही त्याने उपचार बदलणार असेल तरच ते करावं.

मग रिपोर्टची भाषा बदलली की झालं का? मलाही आधी तसंच वाटायचं. ‘पाठ न दुखणाऱ्या तुमच्या वयाच्या इतक्या टक्के लोकांत हेच दिसतं’ अशी ओळ रिपोर्टात घातली की भीती कमी होईल, अनावश्यक इंजेक्शनं आणि शस्त्रक्रिया टळतील. अमेरिकेत सुमारे दोन लाख चाळीस हजार रुग्णांवर ही चाचणी झाली आणि २०२० मध्ये निकाल लागला. मणक्यावरच्या एकूण उपचारांत घट झाली नाही. अफूजन्य वेदनाशामकं लिहून देण्याचं प्रमाण तेवढं किंचित उतरलं. ओळ चांगली आहे, ती राहू द्यावी. पण रिपोर्ट छापून होईपर्यंत बस निघून गेलेली असते. निर्णय व्हायला हवा तो स्कॅनची चिठ्ठी लिहिताना. या स्कॅनमध्ये काय दिसलं तर मी काय वेगळं करणार आहे, हे डॉक्टरला चिठ्ठीवर एका वाक्यात लिहिता आलं पाहिजे, आणि विमा योजनेने पैसे देताना तेच वाक्य मागितलं पाहिजे.

धडधाकट माणसांच्या मेंदूचे आणि सर्वांगाचे स्कॅन विकण्याचा जो धंदा वाढतो आहे, त्याबद्दल मी फार लिहीत नाही. तर्क तोच आहे. रॉटरडॅममधल्या २००० लोकांच्या मेंदूंचे एमआरआय २००७ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा कसलंही लक्षण नसताना ७.२ टक्क्यांत जुन्या छोट्या पक्षाघाताच्या खुणा आणि १.८ टक्क्यांत रक्तवाहिनीवरचा फुगा दिसला. एकदा दिसलं की त्याचं काय करायचं हा प्रश्न मानगुटीवर बसतो. न फुटलेल्या रक्तवाहिन्यांच्या गुंत्यावर उपचार करावा की नुसती नजर ठेवावी, हे तपासणारी अरुबा ही चाचणी २०१३ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली, कारण गुंता काढायला गेलेल्या गटात मृत्यू किंवा पक्षाघात ३०.७ टक्के होता आणि नुसती नजर ठेवलेल्या गटात १०.१ टक्के. दिसलं म्हणून हात घातला आणि नुकसान झालं.

आता मेंदूच्या पक्षाघाताकडे येतो. इथलं चित्र पूर्ण उलटं आहे.

मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की मध्यभागाच्या पेशी मरायला लागतात. भोवतीचा भाग मात्र काही काळ तग धरतो, आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांच्या तुटपुंज्या रक्तावर. वाहिनी मोकळी झाली तर तो वाचतो. एका गाजलेल्या हिशोबानुसार उपचार न झालेल्या अशा झटक्यात मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी जातात. उपचार कसा होतो ते पाहण्यासारखं आहे. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी आत जाते. एक्स-रेच्या पडद्यावर पाहत पाहत डॉक्टर ती मानेतून वर मेंदूत नेतात. पडद्यावर धमनीचं झाड दिसतं आणि एक फांदी मध्येच तुटल्यासारखी थांबलेली असते. तारेची जाळी गुठळीत उघडते, थोडा वेळ थांबून ती मागे ओढली जाते आणि पुन्हा रंगद्रव्य सोडलं की ती फांदी टोकापर्यंत भरून येते. काही रुग्ण तिथेच, टेबलावर, लुळा पडलेला हात हलवतात.

हे तंत्र सुरुवातीला सपशेल आपटलं होतं. २०१३ मध्ये एका पाठोपाठ तीन चाचण्यांत त्याचा काही फायदा दिसला नाही. तेव्हाची साधनं जुनी होती, वेळ फार जात होता, आणि वाहिनी खरोखर बंद आहे का याची स्कॅनने खात्री न करताच बऱ्याच रुग्णांना चाचणीत घेतलं होतं. मग संशोधकांनी निवड बदलली. आधी सीटी अँजिओग्राफीने, म्हणजे रंगद्रव्य सोडून काढलेल्या रक्तवाहिन्यांच्या स्कॅनने, गुठळी दाखवा, मग नळी घाला. नेदरलँड्समधल्या ५०० रुग्णांच्या मिस्टर क्लीन चाचणीने सुरुवात केली आणि २०१५ मध्ये पाच चाचण्यांनी एकच निकाल दिला. त्यांतल्या १२८७ रुग्णांची माहिती एकत्र केल्यावर आकडा निघाला २.६. म्हणजे तीनपेक्षाही कमी रुग्णांवर उपचार केला की एकाचं अपंगत्व निदान एका पायरीने कमी होतं. २०१८ मध्ये डॉन या चाचणीने ही मुदत २४ तासांपर्यंत नेली. मेंदूचा किती भाग मेला हे स्कॅनने मोजून, आणि लक्षणं त्या मानाने जास्त गंभीर आहेत का हे पाहून रुग्ण निवडले, तर ६ ते २४ तासांच्या दरम्यानही ४९ टक्के लोक पुढे स्वतःच्या पायावर उभे राहिले. नुसत्या नेहमीच्या उपचारावर हे प्रमाण १३ टक्के होतं. घड्याळ पाहून ‘आता उशीर झाला’ म्हणणाऱ्या डॉक्टरला इमेजिंगने सांगितलं की या रुग्णाचा मेंदू अजून शिल्लक आहे.

इतका स्पष्ट पुरावा फार थोड्या उपचारांच्या वाट्याला येतो. आणि तो मिळतो किती जणांना? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत, मोठी वाहिनी बंद झालेल्या रुग्णांपैकी गुठळी काढण्याचा उपचार मिळणाऱ्यांचं मध्यक प्रमाण २.७९ टक्के निघालं. बाकीच्यांतले बरेच घरी बसतात, उठता-बसता कोणाचा तरी हात धरून.

देशाचं उत्पन्न यात अर्थातच आडवं येतं. पण त्याच पाहणीने आणखी काही कारणं दाखवली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटतात. हे काम करणारे डॉक्टर किती आहेत, केंद्रं किती आहेत, आणि रुग्णवाहिकेला जवळचं रुग्णालय ओलांडून थेट सक्षम केंद्राकडे जाण्याचा नियम आहे का. शेवटची गोष्ट म्हणजे एक कागद आणि चालकाला दिलेलं प्रशिक्षण. तिला एमआरआयसारखं प्रचंड चुंबक लागत नाही. याच धर्तीचं काम सॉफ्टवेअरही करू लागलं आहे. ह्यूस्टन परिसरातल्या चार केंद्रांवर सीटी अँजिओग्राफीत बंद वाहिनी ओळखून डॉक्टरांच्या फोनवर इशारा पाठवणारी प्रणाली बसवली, तेव्हा रुग्ण दारात आल्यापासून उपचार सुरू होईपर्यंतचा वेळ ११ मिनिटांच्या आसपास घटला. कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल जे अवाच्या सवा बोललं जातं त्यापुढे ११ मिनिटं किरकोळ वाटतील. वरचा मिनिटाचा हिशोब आठवला तर ती किरकोळ नाहीत.

यंत्रांबद्दलही तेच. फ्रान्समधल्या साक्ले इथल्या इझल्ट या ११.७ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) एमआरआयने २०२४ मध्ये मानवी मेंदूची पहिली चित्रं दिली. १३२ टनांचं चुंबक, चार मिनिटांत ०.२ मिलिमीटरपर्यंतचा तपशील. विज्ञान म्हणून मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो. दुसऱ्या टोकाला ०.०६४ टेस्लाचं, चाकांवरून खाटेपाशी आणता येणारं, साध्या प्लगवर चालणारं यंत्र आहे. त्याला अमेरिकेत २०२० मध्ये परवानगी मिळाली. त्याची चित्रं भरड असतात आणि छोटा पक्षाघात निसटू शकतो. पण व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला नळ्या-तारांसकट इमारतीच्या दुसऱ्या टोकाला नेणं धोक्याचं असतं, तिथे मेंदूत मोठा रक्तस्राव आहे का, मेंदू एका बाजूला ढकलला गेला आहे का, एवढं कळलं तरी निर्णय होतो. सार्वजनिक पैसा या दुसऱ्या यंत्राच्या काटेकोर चाचण्यांवर आधी खर्च व्हावा.

आता चित्राच्या आधाराने केल्या जाणाऱ्या उपचारांबद्दल. पडद्यावर सुई नेमकी जागी पोहोचलेली दिसते, सिमेंट मणक्यात भरताना दिसतं, आणि डॉक्टर-रुग्ण दोघांचीही खात्री पटते की काम झालं. हाच धोका आहे. पिचलेल्या मणक्यात सिमेंट भरण्याची पद्धत, व्हर्टिब्रोप्लास्टी, १९८४ मध्ये फ्रान्समध्ये अमियाँ इथे पहिल्यांदा मानेच्या मणक्यातल्या एका गाठीसाठी वापरली गेली. पुढे हाडं ठिसूळ होऊन पिचलेल्या मणक्यांसाठी ती जगभर पसरली. रुग्ण सांगायचे, दुखणं लगेच थांबलं. २००९ मध्ये दोन चाचण्यांनी अर्ध्या रुग्णांवर लुटुपुटूचा उपचार केला. सुई टोचल्याचा भास, पाठीवर दाब, आणि सिमेंटचा वास खोलीत दरवळावा म्हणून द्रव्याची बाटलीही उघडली. सिमेंट मात्र भरलं नाही. या रुग्णांनाही तितकाच आराम पडला. नंतरच्या एका चाचणीत सहा आठवड्यांच्या आतल्या ताज्या मोडीत काही फायदा दिसला, दुसरीत दिसला नाही, म्हणजे वाद मिटलेला नाही. पण तो सुरू व्हायलाच पंचवीस वर्षं लागली, आणि मधल्या काळात असंख्य पाठींत सिमेंट गेलं.

लुटुपुटूच्या उपचाराला अनैतिक म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांना मी हाताच्या कंपावरच्या ध्वनिलहरींच्या उपचाराचं उदाहरण देईन. कवटी न उघडता, एमआरआयमध्ये झोपलेल्या रुग्णाच्या मेंदूतल्या एका बिंदूवर हजारभर स्रोतांतून लहरी एकवटतात. एमआरआयच त्या बिंदूचं तापमान मोजत राहतो. दोन माऱ्यांच्या मध्ये रुग्णाला कागदावर गोल गोल वेटोळं काढायला सांगतात, आणि कंपाने फाटलेली रेघ हळूहळू सरळ होत जाते. ते पाहून कोणालाही वाटेल, चाचणी कशाला हवी? तरीही संशोधकांनी ७६ रुग्णांवर ती केली, खोट्या उपचारासकट. २०१६ मध्ये निकाल आला: तीन महिन्यांनी हाताच्या कंपाच्या गुणांकनात खऱ्या गटात ४७ टक्के सुधारणा, खोट्या गटात ०.१ टक्के. खोट्या उपचाराच्या वाट्याला आलेल्यांना नंतर खरा उपचार घेता आला. यात अनैतिक काय आहे?

गुठळी काढण्याचं यश पाहून मेंदूतल्या आणखी बारीक वाहिन्यांतही नळी घालण्याचा उत्साह अलीकडे वाढला होता. पडद्यावर त्या वाहिन्याही छान मोकळ्या होतात. २०२५ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांनी सांगितलं की औषधोपचाराच्या तुलनेत रुग्णांना त्याचा जास्तीचा लाभ झाला नाही. याउलट मेंदूभोवती साठून राहिलेल्या जुन्या रक्तस्रावात, शस्त्रक्रियेच्या जोडीला मेंदूच्या आवरणाची धमनी बंद केली तर पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ ११.३ वरून ४.१ टक्क्यांवर येते, असं २०२४ मध्ये एम्बोलाइझ चाचणीने दाखवलं. दोन्ही उपचार पडद्यावर सारखेच देखणे. नकारार्थी निकाल छापणाऱ्या संशोधकांचे उपकार आपण पुरेसे मानत नाही.

अधिक स्पष्ट चित्रांना माझा विरोध आहे असा समज होऊ नये, म्हणून मला सगळ्यात जास्त आशा वाटणाऱ्या कामाबद्दल लिहितो. काही माणसांचं डोकं उभं राहिलं की असह्य दुखतं आणि आडवं झालं की थांबतं. मज्जारज्जूभोवतीचं पाणी कुठून तरी गळत असतं, पण मणक्याचा नेहमीचा एमआरआय स्वच्छ येतो. वर्षानुवर्षं त्यांना मायग्रेन किंवा मनाचा आजार असल्याचं सांगितलं जातं. २०१४ मध्ये गळतीची एक नवीच वाट सापडली. पाणी मज्जातंतूच्या मुळापासून थेट शेजारच्या शिरेत शिरत होतं, त्यामुळे बाहेर साठलेलं काही दिसतच नव्हतं. रुग्णाला कुशीवर झोपवून, कंबरेतून रंगद्रव्य सोडून, श्वास रोखायला लावून घेतलेल्या चित्रांत ती शीर क्षणभर उजळते. जास्त बारीक तपशील टिपणाऱ्या नव्या फोटॉन-काउंटिंग सीटीवर ती आणखी ठळक दिसते. २०२१ पासून त्या शिरेत नळीने चिकट द्रव्य सोडून वाट बुजवल्याचे अहवालही येऊ लागले आहेत.

इथे स्कॅनने नेमक्या प्रश्नाचं नेमकं उत्तर दिलं आणि ज्यांचं कोणी खरं मानत नव्हतं त्यांना आजाराचा पुरावा मिळाला. पण या उपचाराचे बहुतेक अहवाल अजून एकेका केंद्राचे, थोड्या रुग्णांचे आणि तुलनेसाठी दुसरा गट नसलेले आहेत. शीर बुजवणं, शस्त्रक्रियेने मूळ बांधणं आणि गळतीच्या जागी चिकटवणारं द्रव्य टोचणं यांत कोणाला काय लागू पडतं, हे आताच ठरवायला हवं, उपचार गल्लोगल्ली पोहोचण्याआधी. रुग्ण थोडे आहेत, म्हणून अनेक देशांतल्या केंद्रांनी एकच नोंदवही ठेवावी आणि तिच्यातूनच रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी करावी. पैसे देणाऱ्या योजनांनी पहिली काही वर्षं या उपचाराचा खर्च फक्त अशा चाचणीत सामील झालेल्या केंद्रांनाच द्यावा.